जुना कन्सोल रिपेअर करायचा की बदलायचा? आधी आत नक्की काय गेलंय ते बघा

प्रश्न असा आहे की पीएस ४ (सोनीचा प्लेस्टेशन ४) आहे, पहिलं जाड मॉडेल, दहा वर्षं झाली. फॅन विमान उडाल्यासारखा ओरडतो, तासाभरात जास्त गरम झाल्याचा मेसेज येऊन मशीन बंद पडतं, आणि हल्ली टीव्हीवर चित्रच येत नाही, केबल जरा दाबून धरली की येतं. भाऊ म्हणतो कशाला यात पैसे घालतोस, सरळ पीएस ५ घे. डिस्कवरचे गेम पन्नासेक, आणि सेव्ह, म्हणजे गेममध्ये कुठवर पोचलो त्याच्या नोंदी, सगळे आतल्या हार्ड डिस्कवर.

मी हे रिपेअरचं काम पंधराएक वर्षं करतोय आणि हा प्रश्न मला जवळपास रोज कोणी ना कोणी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भावाचं ऐकायची घाई करू नका. गरम होणं आणि फॅनचा आवाज म्हणजे धूळ आणि वाळलेली पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्यांना, पोचवणारा लेप), केबल दाबली की चित्र येणं म्हणजे एचडीएमआय पोर्ट, टीव्हीची केबल लागते ती जागा, यातलं काहीच मशीनच्या जिवावर बेतणारं नाही. पण उघडायच्या आधी, म्हणजे आज रात्रीच, ते चालू होतंय तोवर सेव्ह बाहेर काढून घ्या. हे मी सगळ्यात आधी सांगतोय कारण लोक इथेच फसतात. पीएस ४ ची हार्ड डिस्क एन्क्रिप्टेड असते आणि तिची किल्ली त्याच मशीनच्या बोर्डशी बांधलेली असते, त्यामुळे उद्या बोर्ड गेला तर ती डिस्क दुसऱ्या पीएस ४ मध्ये टाकून काहीही मिळत नाही, तो सरळ फॉरमॅट करू का म्हणून विचारतो. माझ्याकडे एक मुलगा नुसती हार्ड डिस्क कागदात गुंडाळून घेऊन आला होता, मशीन भंगारात देऊन, म्हणे डिस्क तर ठीक आहे ना, सेव्ह काढून द्या. काय सांगणार त्याला. सहा वर्षांचं खेळणं होतं त्यात.

तर सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट उघडा, सिस्टिम स्टोरेजमधले सेव्ह पेनड्राइव्हवर कॉपी करा, पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असला म्हणजे झालं. ट्रॉफी, म्हणजे गेममध्ये मिळवलेली बक्षिसं, वेगळ्या ऑनलाइन सिंक करून घ्या, त्या सेव्हसोबत जात नाहीत. गेम स्वतः कॉपी करत बसू नका, ते डिस्कवरून परत चढतात.

आता चित्र येत नाही त्याचं. इथे लाइट बघायचा. बटण दाबल्यावर निळा लाइट लुकलुकतो आणि मग पांढरा होऊन स्थिर राहतो, म्हणजे मशीन आतून नीट चालू झालंय, फक्त चित्र बाहेर पोचत नाहीये, मग संशय पोर्टवर किंवा पोर्टच्या मागच्या एचडीएमआय आयसीवर, म्हणजे चित्र बाहेर पाठवणाऱ्या छोट्या चिपवर. निळाच लुकलुकत राहिला आणि बंद पडला तर मात्र काळजी, ते पॉवर सप्लाय असू शकतं, हार्ड डिस्क असू शकते, बोर्ड असू शकतो किंवा मुख्य चिप. हार्ड डिस्कचं लगेच कळतं, ती काढून चालू करून बघायचं, फरक पडला तर ती दोषी. तुमचं केबल हलवल्यावर येतंय म्हणजे तुम्ही पहिल्या गटात.

एकदा दुसरी केबल आणि दुसरा टीव्ही लावून बघाच, हसू नका, रिपेअरला आलेल्या "चित्र येत नाही" पैकी काही मशीन मी नुसती केबल बदलून परत दिलीयत. मग सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीसाठीचा साधा मेन्यू: मशीन पूर्ण बंद करून बटण दाबून धरा, पहिला बीप ऐकू येईल, साधारण सात सेकंदांनी दुसरा येईल, तेव्हा सोडा. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडावा लागतो तिथे. सेफ मोडमध्ये चित्र कमी रिझोल्यूशनवर येतं, म्हणून सेफ मोडमध्ये दिसतंय आणि नेहमीच्या मोडमध्ये नाही असं झालं तर आधी तिथूनच रिझोल्यूशन बदलून बघायचं.

पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. एकोणीस पिना असतात, एखादी आत वळलेली किंवा मागे सरकलेली दिसली तर निदान झालं. पोर्ट बदलणं हे सोल्डरिंगचं काम आहे, घरी नाही, पण ज्याचा हात बसलाय त्याला ते रोजचं आहे. त्याला एकच विचारा की पोर्टबरोबर मागची लाइन आणि आयसी पण तपासता का. कारण पोर्ट उपटताना बोर्डवरचे पॅड, म्हणजे पिना जिथे सोल्डर होतात ते तांब्याचे ठिपके, उखडले की साध्या कामाचं अवघड काम होतं, आणि आधी कोणीतरी केलेलं असं काम निस्तरायला मी दुप्पट वेळ घेतो.

गरम होण्याचं काम त्यामानाने सरळ आहे पण अर्धवट केलं तर उपयोग शून्य. बाहेरून एअर मारतात लोक, त्याने वरची धूळ उडते आणि बाकीची हीटसिंकच्या पातळ पट्ट्यांमध्ये आणखी घट्ट बसते, बाहेरून ती दिसतही नाही. उघडावंच लागतं. स्क्रू टॉर्क्स सिक्युरिटीचे असतात, मधे टोक असलेले, त्यांना टी८ सिक्युरिटीचा बिट लागतो. एअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो जोरात फिरतो, बेअरिंग जातं आणि फिरता फिरता उलटी वीज बोर्डात सोडतो. हीटसिंक काढून चिपवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, दहा वर्षांनी ती खडूसारखी झालेली असते, पापुद्रे निघतात. नवी पेस्ट पातळ आणि सगळीकडे, कारण पीएस ४ मध्ये चिपचा काचेसारखा भाग उघडाच असतो, एक कोपरा कोरडा राहिला तर तोच तापतो. मेमरी चिपवरचे थर्मल पॅड फाटले असतील तर तेही त्याच जाडीचे नवे. हे झालं की आवाज इतका कमी होतो की लोकांना वाटतं फॅन बदलला.

बाकी जे बिघाड मी डोळे मिटून रिपेअर करा म्हणतो ते म्हणजे पॉवर सप्लाय, फॅन, हार्ड डिस्क, कंट्रोलरची स्टिक, बॅटरी, लेझर. म्हणजे जे सुटं होतं आणि सुटं मिळतं. हार्ड डिस्क तर पीएस ३ आणि पीएस ४ मध्ये साधी अडीच इंची साटा, साडेनऊ मिलिमीटर जाडीपर्यंत कुठलीही चालते, आणि खराब झाली म्हणून बदलायचीच असेल तर एसएसडी टाका, दहा वर्षांचं मशीन मेन्यूमध्ये पळायला लागतं.

डिस्क ड्राइव्हची मात्र एक मेख आहे जी खूप जणांना माहीत नसते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० पासून जवळपास सगळ्या मशीनमध्ये ड्राइव्हच्या खालचा छोटा बोर्ड मदरबोर्डशी जुळवलेला असतो. दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह आख्खा काढून लावला तर डिस्क आत जाते, फिरते, आणि गेम चालत नाही. मग लोक म्हणतात बोर्ड गेला. तर जुना छोटा बोर्ड ठेवायचा आणि फक्त यांत्रिक भाग किंवा लेझर बदलायचा. पीएस २ च्या काळात लेझर कमजोर झाला की त्यावरचा बारीक पॉट, म्हणजे फिरवायचा छोटा स्क्रू, फिरवून करंट वाढवायची पद्धत होती, डिस्क लगेच वाचायला लागते आणि गिऱ्हाईक खूश, पण लेझर त्याने आणखी लवकर जळतो. मी पण केलंय ते सुरुवातीला, खोटं कशाला बोलू. आता नाही करत.

आता ज्याला मी नाही म्हणतो ते. मुख्य चिप. ही गोष्ट जरा लांबवून सांगतो कारण यातच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे बुडतात.

एक्सबॉक्स ३६० आला २००५ च्या नोव्हेंबरमध्ये, आणि दोन वर्षांत तीन लाल लाइटवाली मशीन इतकी आली की मायक्रोसॉफ्टने जुलै २००७ मध्ये त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली. पीएस ३ च्या पहिल्या जाड मॉडेलचा पिवळा लाइट पण त्याच काळातला. तेव्हा घरगुती उपाय निघाले, मशीन टॉवेलमध्ये गुंडाळून चालू ठेवायचं, बोर्ड ओव्हनमध्ये घालायचा, हीटगन मारायची. आणि गंमत म्हणजे मशीन खरंच चालू व्हायचं! म्हणून तो समज अजून गेला नाही की सोल्डर सुटलेलं होतं, गरम केलं की परत चिकटलं.

होतं काय तर चिप म्हणजे दोन मजली प्रकार असतो. वर सिलिकॉनचा तुकडा, तो अगदी बारीक सोल्डरच्या ठिपक्यांवर एका छोट्या हिरव्या पट्टीवर बसलेला, आणि ती पट्टी मोठ्या गोळ्यांवर मदरबोर्डवर बसलेली. रोज तापणं आणि थंड होणं, तापणं आणि थंड होणं, यात वरच्या मजल्यावरचे बारीक ठिपके तडकतात. मशीन गरम केलं की सगळं फुगतं आणि तडा तात्पुरता जुळतो. काही दिवस, काही आठवडे, मग परत तेच. आणि जे रीबॉल करतात, म्हणजे चिप उचलून खालचे मोठे गोळे नवे बसवतात, ते काम कौशल्याचं आहे, पण वरच्या मजल्यावर तडा असेल तर खालचा मजला कितीही नवा करा, काय उपयोग. चालू होतं ते परत त्या तापवण्यामुळेच.

त्यामुळे "चिप हीट करून देतो" असं कोणी म्हणालं तर मशीन उचला आणि निघा. मी स्वतः त्या वर्षांत बरीच मशीन अशी तापवून दिली, वॉरंटी एक महिन्याची द्यायचो, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात फोन यायला लागले की माझं मलाच कळलं आपण काय विकतोय ते. खरा इलाज म्हणजे चिपच नवी, किंवा नंतरच्या सुधारलेल्या मॉडेलची बसवणं. पीएस ३ च्या जाड मॉडेलमध्ये नंतरच्या काळातली ४० नॅनोमीटरवाली ग्राफिक्स चिप बसवणारे लोक आहेत, उत्तम काम करतात, पण ते हौसेचं खातं, व्यवहाराचं नाही. जाड पीएस ३ वर लोक एवढा जीव टाकतात कारण सुरुवातीच्या काही मॉडेलमध्ये पीएस २ च्या डिस्क चालायच्या, नंतरच्यात ते काढून टाकलं. असं काही कारण तुमच्याकडे असेल तर करा. नसेल तर चिप गेलेल्या मशीनला नाकापेक्षा मोती जड होतो.

पैशांचा हिशोब करताना लोक रिपेअरची किंमत नव्या मशीनशी ताडून बघतात आणि म्हणून रिपेअर नेहमीच स्वस्त वाटते. ताडायचं असेल तर तेच मॉडेल, चालू स्थितीतलं, जुन्या बाजारात कितीला मिळतंय त्याच्याशी ताडा. त्याच्या निम्म्याच्या आत काम होत असेल तर मी विचारही करत नाही, रिपेअर. निम्म्याच्या वर गेलं तर कशासाठी करतोय ते एकदा स्वतःला विचारायचं.

आणि "बदलायचं" म्हणजे पुष्कळदा जुनंच दुसरं घ्यायचं असतं, तिथे आणखी एक लक्षात घ्या की ते दुसरं मशीनही तेवढ्याच वयाचं आहे. त्याचीही पेस्ट वाळलीय, त्यातही धूळ आहे, फक्त तुम्हाला ती दिसलेली नाही. स्वतःचं मशीन कधी पडलं, कधी पाणी सांडलं, हे आपल्याला माहीत असतं, दुसऱ्याचं नसतं. घेणार असाल तर पाच मिनिटं मेन्यू बघून घेऊ नका, जड गेम तासभर चालवा, एक डिस्क घाला आणि बाहेर काढा, पोर्टमध्ये टॉर्च मारा, सील आणि स्क्रूची डोकी बघा, ऑनलाइन लॉगिन होतंय का बघा कारण कंपनीने ऑनलाइन बंदी घातलेली, बॅन झालेली मशीनही विकायला असतात.

नवं घेण्यातला खरा प्रश्न गेमचा. इथे प्रत्येक घराण्याचं वेगळं आहे. पीएस ४ चे जवळपास सगळे गेम पीएस ५ वर चालतात, त्यामुळे तुमच्या भावाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पण मग पीएस ५ डिस्क ड्राइव्हवालाच घ्या, नाहीतर पन्नास डिस्कांचा कपाटात ढीग. २०२३ पासूनच्या बारीक मॉडेलला ड्राइव्ह सुटा पण लावता येतो, तो एकदा इंटरनेटवरून रजिस्टर करावा लागतो. जुना कंट्रोलर पीएस ४ च्या गेमपुरता चालेल, पीएस ५ च्या गेमला नाही. पीएस ३ वाल्यांनी मात्र हा हिशोब विसरा, पीएस ३ ची डिस्क पीएस ४ वर पण चालत नाही आणि ५ वर पण नाही, तिथे मशीन गेलं की तुमची डिस्कांची लायब्ररीच गेली, म्हणून पीएस ३ चा साधा बिघाड असेल तर मी कधीच टाका म्हणत नाही. एक्सबॉक्सकडे उलट आहे, सिरीज एक्स मध्ये ३६० च्या आणि अगदी पहिल्या एक्सबॉक्सच्याही बऱ्याच डिस्क चालतात, सगळ्या नाही, पण सिरीज एस ला ड्राइव्हच नाही तेव्हा तो घेऊन पस्तावू नका.

डिजिटल घेतलेले गेम असतील तर आणखी सावध. ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं, निन्टेंडोच्या वी यू आणि थ्रीडीएस वर मार्च २०२३ पासून खरेदी बंद आहे. जे त्या मशीनच्या मेमरीत आहे ते मशीनबरोबर जाण्याची शक्यता धरूनच चला.

निन्टेंडो स्विचवाल्यांसाठी थोडं. सेव्ह मेमरी कार्डवर नसतात, आतल्या मेमरीत असतात, कार्ड सांभाळलं म्हणजे सेव्ह सांभाळले असं नाही. चार्ज होत नसेल तर बहुतेक वेळा यूएसबी पोर्ट किंवा त्यामागची चार्जिंग आयसी, दोन्ही बदलता येतात. स्टिक आपोआप सरकत असेल तर नवी स्टिक टाका, चुंबकवाली हॉल इफेक्ट मिळते ती टाका, ती घासून झिजत नाही. आणि कुठल्याही हातातल्या मशीनची मागची बाजू फुगलेली दिसली तर चार्जिंग लगेच बंद करा, दाबून परत बसवू नका, टोचू नका. फुगलेली बॅटरी हा रिपेअर की बदल असा प्रश्नच नाही, ती आधी बाहेर.

फार जुन्या मशीनचा न्याय वेगळा. तिथे चिपा टिकतात, कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे पार्ट, मरतात. गेम गिअरचं, सेगाच्या जुन्या हातातल्या मशीनचं, उदाहरण घ्या, आवाज खोल जातो, स्क्रीन फिकट होते, कारण आतले छोटे कपॅसिटर गळतात आणि ते पाणी बोर्डची रेघ खातं. पहिल्या एक्सबॉक्समध्ये घड्याळासाठीचा एक कपॅसिटर असाच गळतो, शेवटच्या १.६ आवृत्तीत तेवढा त्रास नाही, बाकीच्यांत तो नुसता काढून टाकला तरी मशीन चालतं, वेळ विसरतं इतकंच. माळ्यावर पडलं असेल तर चालतंय म्हणून ठेवून देऊ नका, न वापरता पण गळतं ते. कार्ट्रिजच्या गेममध्ये सेव्हसाठी नाण्याएवढी बॅटरी असते, ती बदलताना सेव्ह जातो, आधी कार्ट्रिज रीडर लावून कॉम्प्युटरवर काढून घ्या. आणि कार्ट्रिजमध्ये फुंकर मारणं बंद करा, तोंडातल्या ओलाव्याने पिना काळ्या पडतात, आपण सगळ्यांनी मारलीय ती गोष्ट वेगळी. कापसाच्या काडीवर अल्कोहोल घ्या.

एक पीएस ५ वाल्यांसाठी, कारण ती मशीन पण आता जुनी व्हायला लागलीत: आत पेस्ट नाही, लिक्विड मेटल आहे. ते वीज वाहतं आणि ॲल्युमिनियम खातं. पीएस ४ उघडला म्हणून हाही उघडू असं करू नका, एक थेंब बाजूच्या पार्टवर गेला की साफसफाईच्या कामाचं बोर्डाचं काम झालं.

परत तुमच्याकडे. सेव्ह काढा, केबल आणि टीव्ही बदलून बघा, मग एकाच माणसाकडे पोर्ट आणि सफाई दोन्ही एकदम द्या, मशीन दोनदा उघडायला नको. उघडलंच आहे तर मशीनचं घड्याळ चालवणारी सीआर२०३२ ची नाण्याएवढी बॅटरी पण बदलून घ्या, आणि सिस्टिम सॉफ्टवेअर ९.०० किंवा पुढचं आहे ना बघा, त्याआधीच्या सॉफ्टवेअरवर ही बॅटरी मेली आणि नेटवर्क नसलं तर डिस्कवरचे गेम पण अडायचे, ते सप्टेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये सुटलं. घेऊन आल्यावर दोन तास सलग जड गेम चालवा. बंद पडला नाही तर पीएस ५ चे पैसे खिशात ठेवा, ज्या दिवशी फक्त पीएस ५ वरच येणारा एखादा गेम खेळावासा वाटेल त्या दिवशी घ्या. आणि पोर्ट, सफाई सगळं होऊनही निळाच लाइट लुकलुकत राहिला, पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क दुसरी लावूनही तेच, तर मग चिपच्या नादी लागू नका, मशीन पार्टसाठी विका, फॅन, सप्लाय, ड्राइव्हचा यांत्रिक भाग, सगळं कोणाच्या तरी कामाचं असतं, हार्ड डिस्क तेवढी काढून ठेवा, फॉरमॅट करून बाहेरची ड्राइव्ह म्हणून चालेल.